पूररेषेचा दगड

मोजणीवाल्यांनी पूररेषेचा निळा दगड नेमका मारोतरावांच्या प्लॉटमागं रोवला. दगडापासून नदीपर्यंत घर बांधायला मनाई. मारोतरावांनी तो उपटला आणि शेजारच्या केशरबाईच्या घरामागं गाडला; त्यांचा प्लॉट रेषेबाहेर गेला, तिचं घर आत आलं.

तिच्या घरावर जेसीबी चालला. जाताना ती एवढंच म्हणाली, "भाऊ, पाणी काय दगड पाहून थांबते?"

मारोतराव हसले. मे महिन्यात त्यांचा बंगला उभा राहिला.

वास्तुशांतीच्या सकाळी पायरीवर ओली निळी रेघ दिसली. त्यांनी ती पुसायला लावली. दुपारी ती खिडकीखाली होती.

"पेंटरनं मस्करी केली असन," ते म्हणाले.

संध्याकाळी रेघ भिंतींवरून, पडद्यांवरून, देव्हाऱ्यावरून सरळ एका पातळीत फिरली होती. नदीत तर पाण्याचा थेंब नव्हता.

"तुमच्या गळ्याले काय लागलं हो?" गोजराबाईंनी नवऱ्याला विचारलं. त्यांच्या स्वतःच्या हनुवटीवर तीच रेघ होती.

मारोतरावांनी गळा घासघासून लाल केला. रेघ निघेना. घाबरून त्यांनी नातीला हाक मारली. "वैजू, इकडे ये. पाह्यू, तुले तर नाई लागलं?"

पाच वर्षांची वैजयंती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या अंगावर रेघ कुठंच नव्हती. मारोतरावांना हायसं वाटलं.

मग त्यांना भिंतीवरची रेघ दिसली, तिच्या डोक्याच्या हातभर वर.