दलदलीतली म्हातारी

"त्या म्हातारीला खेळातून काढा, नाहीतर मी खेळच काढून टाकतो."

तिने मत मोठ्याने वाचलं आणि खोलीत हशा पिकला. ती मात्र हसली नाही. याच अर्थाचं मत सकाळपासून पुन्हा पुन्हा येत होतं.

खेळणाऱ्यांची मतं वाचायची, निवडायची आणि ज्याची त्याच्या टेबलावर पोचवायची, हे तिचं काम. ऑफिसात सगळे तिला तक्रारपेटी म्हणत. कंपनीचा हा कॉम्प्युटरवरचा खेळ अवाढव्य होता. डोंगर, जंगलं, पडके किल्ले, राक्षस, आणि घोड्यावर बसून वाट फुटेल तिकडे जायची मोकळीक. तलवार जड वाटते. घोडा चढावर घसरतो. ड्रॅगन आळशी आहे, शेपटीवर पाय दिला तरी उठत नाही. जग एवढं मोठं करून ठेवलंत, आता आम्ही पोटापाण्याचं कधी बघायचं? असली मतं ती चहा पिता पिता निकालात काढायची.

म्हातारीचं तसं नव्हतं. नकाशाच्या पार टोकाला दलदल होती. तिथे एका ओंडक्यावर ती बसलेली असे. लोक लिहीत होते की आपण जवळ गेलो की ती मान वर करते आणि म्हणते, "ऊठ. घरी जा."

काहीजण खरंच उठले होते. एकीचं लेकरू गॅलरीच्या कठड्यावर चढलेलं सापडलं. एकाचे वडील बाथरूममध्ये पडले होते. एकाने इतकंच लिहिलं होतं: "मला वाटलं, हा खेळाचाच भाग आहे. समोरचा राक्षस मारला आणि मग उठलो. खेळ चांगला आहे. मी पुन्हा खेळणार नाही."

ते वाचून ती तडक वकिलाकडे गेली. वकील म्हणजे दलदलीचा सगळा भाग लिहिणारा प्रोग्रामर. कुठलीही चूक दाखवा, ती चूक नाहीच हे तो पटवून द्यायचा, म्हणून हे नाव.

"म्हातारीला बोलायला मी एकच वाक्य दिलंय," तो म्हणाला. त्याने ते पडद्यावर काढूनही दाखवलं. 'पुढे चिखल आहे, जपून.' बस्स. "लोक एकमेकांचं वाचून लिहितात गं. एकाने शेपूट लावली की दुसरा सोंड लावतो."

साहेबांनी फार ऐकून घेतलं नाही. "आपण खेळ विकतो, अंगारे-धुपारे नाही. संध्याकाळच्या अपडेटमध्ये म्हातारी जाईल," ते म्हणाले आणि मीटिंगला निघून गेले.

ती जागेवर आली तोच फोन वाजला. दादा होता. आईवडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, शिकवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. छातीचं ऑपरेशन होऊन तो नुकताच घरी आला होता. दिवसभर एकटा असायचा.

"काही नाही गं, जरा धाप लागतेय," तो म्हणाला. "तू लवकर येतेस ना आज?"

"येऊ का आत्ता?"

"छे, काम टाकून कशाला? आटपून ये."

फोन ठेवला, पण आवाज कानातून जाईना. दादाचं 'काही नाही' म्हणजे काय, ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दुसरीकडे, ऑपरेशनच्या वेळी सगळी रजा संपली होती आणि साहेबांच्या कपाळावरची आठी तिने पाहिली होती. उठावं की बसावं, तिला काही सुचेना. हात आपोआप खेळाकडे वळला. तिने एक घोडा घेतला आणि दलदलीची दिशा धरली.

"हे काय?" वकील मागे येऊन उभा राहिला.

"विचारून बघते तिला. ऊठ म्हणाली तर उठेन."

"अगं, जायचंय तर जा ना घरी! म्हातारीला काय विचारायचंय?"

"जायच्या आधी एकदा बघू दे. एवढ्यात होईल."

एवढ्यात झालं नाही. वाट लांबची होती. घोडा चढावर घसरला, लोकांचं म्हणणं खरंच होतं. पुलाजवळ राक्षसांनी अडवलं, त्यांच्याशी झुंजावं लागलं. जंगलात ती वाट चुकली आणि पुन्हा मागे आली. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत जमिनीवर उतरलं. मध्येच तिने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. झोपला असेल, तिने स्वतःला सांगितलं आणि घोडा पुढे दामटला.

दलदलीवर धुकं होतं. बेडकांचे आवाज होते, तेही जवळ जाताच थांबले. ओंडक्यावर म्हातारी पाठमोरी बसली होती. ती घोड्यावरून उतरली, म्हातारीच्या समोर जाऊन उभी राहिली. वकील पुन्हा येऊन तिच्या खुर्चीवर वाकला होता.

म्हातारीने सावकाश मान वर केली. चेहरा लोकांनी लिहिला होता तसा भीतीदायक नव्हता. उलट त्यावर माया होती. पडद्यावर अक्षरं उमटली.

"बस जरा."

तिचा जीव भांड्यात पडला. ऊठ म्हणाली नाही! म्हणजे घरी सगळं ठीक होतं. ती खुर्चीत मागे रेलली आणि हसून वकिलाकडे वळली.

वकील पडद्याकडेच बघत होता. पहिल्या ओळीखाली दुसरी ओळ उमटत होती.

"आता घाई करून काय उपयोग?"