हात लावायचा नाही

"काका, आतली काडी पडली हो."

तिने व्हायोलिन काउंटरवर ठेवून जरासं तिरकं केलं. त्याच्या पोटात काहीतरी खुळखुळत इकडून तिकडे गेलं. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कारागिराला वाकून बघायचीही गरज पडली नाही. वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये टेकू देऊन उभी असते ती, पेन्सिलीहून बारीक काडी. ती पडली की वाद्याचा आवाजच बसतो. उभी करायला त्याला पाच मिनिटं पुरत. आणि हे व्हायोलिन तर ती आठ वर्षांची असल्यापासून त्याच्याच हाताखालून गेलेलं.

"कशी पडली?"

"बसमध्ये पेटी आपटली. पाच वाजता ऑडिशन आहे, काका. ऑर्केस्ट्रात एकच जागा, तीही सहा वर्षांनी निघालीय."

पावणेचार वाजले होते. कारागिराने हात पुढे केला आणि अर्ध्यावरच मागे घेतला. आता त्याच्या अंगात वाद्यं विकणाऱ्या कंपनीचा लाल टी-शर्ट होता. 'मी आपली काय मदत करू?' असं त्यावर छातीभर छापलेलं होतं.

"फॉर्म भरावा लागेल, मॅडम. आम्ही वर्कशॉपला पाठवतो. एकवीस दिवस लागतात."

"मॅडम?" ती त्याच्याकडे बघतच राहिली.

त्याने डोक्यावरच्या कॅमेऱ्याकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "पोरी, इथे गिऱ्हाइकाच्या वाद्याला हात लावायचा नाही. गेल्या महिन्यात एकाची घट्ट झालेली खुंटी सैल करून दिली, तर लेखी ताकीद आली. आता दुसरी आली की मी घरी."

तिने मॅनेजरला गाठलं. मॅनेजर तरुण होता, भला होता. "नियम माझा नाही हो," तो कळवळून म्हणाला. "वरून आलाय. काही मोडलं तर निस्तरायचं कुणी?" मग त्याने स्वतः होऊन दुकानातली तीनही नवी व्हायोलिनं काढून दिली. एक तर निळं होतं. तिने तिन्हीवर गज फिरवून पाहिला. पत्र्याच्या डब्यावर तार ताणावी तसा आवाज आला.

ती परत काउंटरशी आली. "दुसरं कुणी आहे का गावात, काडी बसवणारं?"

"दोघंच होतो. एक वारला. दुसरा तुझ्यासमोर उभा आहे."

तिने व्हायोलिन पेटीत ठेवायला घेतलं. कारागीर एकदम म्हणाला, "तूच बसव. तुझ्या वाद्याला हात लावायला तुला कोण अडवतंय? मी सांगत जातो."

काडी बसवायचं हत्यार दुकानात नव्हतं. गिटारचे पट्टे मात्र नव्वद तऱ्हांचे होते. त्याने टी-शर्टच्या मांडणीवरून तारेचा एक हँगर काढला, पक्कडीने त्याचा तुकडा तोडून नागमोडी वाकवला. हँगरला हात लावू नये असा काही नियम नव्हता.

तिने तारा सैल केल्या, काडी हलवून बाहेर काढली, हँगरच्या तारेच्या टोकाला खोचली आणि वरच्या फळीतल्या फटीतून आत घातली. कारागीर हात पाठीमागे घट्ट बांधून उभा राहिला.

"हळू. तारांखालच्या घोडीच्या पायामागे. डावीकडे घे... तुझ्या नव्हे ग, त्याच्या डावीकडे."

काडी पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. पलीकडे कुणीतरी गिटारवर एकच सूर बडवत होतं. तिच्या कपाळावरून घाम ओघळून लाकडावर पडला. तो तिने बाहीने पुसला. कारागिराची बोटं पाठीमागे आपोआप वळत होती, जणू तार त्यांच्याच चिमटीत होती.

चौथ्यांदा काडी उभी राहिली.

"आता खालचं टोक. केसभर आत ढकल. केसभरच हं—"

"काका!" मॅनेजरने हाक मारली. "या ताईंना युकुलेले दाखवा जरा. केव्हाच्या खोळंबल्यात."

"दोन मिनिटं, सर."

"काका, प्लीज. वरून बघतात हो."

कारागीर गेला. त्या बाईंना भाचीसाठी छोट्या गिटारसारखी गुलाबी युकुलेले हवी होती. तो खोकं उघडत होता, पण त्याचे कान मागे होते. मागे तारा चढल्या, खुंट्या करकरल्या, मग गज फिरला. व्हायोलिनला आवाज आला, पण सर्दी झालेल्या माणसाचा असावा तसा, दाबलेला. काडी जागेपासून तांदळाच्या दाण्याएवढी दूर राहिली होती.

ती धावतच त्याच्यापाशी आली. तिचा चेहरा फुलला होता. "वाजतंय, काका! बरोबर बसलीय ना?"

साडेचार होत आले होते. पुन्हा उघडायचं म्हणजे तारा पुन्हा सैल करायच्या, आणि काडी पुन्हा पडली तर तेवढाही आवाज हातचा जायचा. शिवाय उघडणार कोण?

"छान बसलीय," तो म्हणाला. "पळ आता."

ती पळाली. काचेचं दार तिच्यामागे आपोआप बंद झालं. पण ती बाहेर फुटपाथवरच थांबली. तिने पेटी उघडली, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. बाहेरचा आवाज आत येत नव्हता. गज नुसताच वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग थांबला, आणि ती वळून काचेतून आत पाहू लागली.

कारागीर मान खाली घालून, खोक्यावर छापलेली वॉरंटी त्या बाईंना मोठ्याने वाचून दाखवत राहिला.