शेजारणीचा हात

"ही कंबर आहे की मोडकी बाज?" डाव्या कुशीवर वळताना केतकी पुटपुटली. नववा महिना लागल्यापासून तिचं हे पालुपद रोजचंच, म्हणून शेजारच्या चटईवरची रेवा नुसती हसली.

गरोदर बायकांच्या या योगवर्गात शेवटी एक रीत होती. शेजारणीच्या पोटावर हात ठेवायचा आणि बाळानं लाथ मारली की सगळ्यांना सांगायचं. केतकीचं बाळ भलतंच दांडगट. परवा त्याच्या लाथेनं रेवाचा हात उडाला, तेव्हा वर्गात हशा पिकला होता.

आज हाताखाली काहीच हललं नाही. रेवानं हात सरकवून पाहिला, हलकेच दाबून पाहिलं. "झोपलेत वाटतं साहेब," ती म्हणाली. योगाच्या बाईंनीही येऊन हात ठेवला. "हो, झोपलं असेल," त्या म्हणाल्या खऱ्या, पण लगेच उठून पर्समधली गाडीची किल्ली शोधू लागल्या.

केतकीनं रेवाचा हात पोटावरच धरून ठेवला.

"कंबरेसाठी नाही गं आले आज," ती म्हणाली. "तुझ्या हाताला तरी कळतंय का, ते बघायला आले. काल सकाळपासून हललं नाही ते."