वहीतला जबाब

घरात चोरी होऊन तीन दिवस झाले तरी पोलीस आले नाहीत, तेव्हा विनिफ्रेडने शेजारच्या निवृत्त पोलीस क्लिफर्डचं दार वाजवलं. फोनवर तिला फक्त तक्रारीचा नंबर मिळाला होता. यॉर्कशरमधल्या त्यांच्या गावातली चौकी खर्च परवडेना म्हणून बंद झाली, त्या दिवशी कुलूप सार्जंट क्लिफर्डनेच लावलं होतं. तेव्हा त्याची पेन्शन तोंडावर आली होती. म्हणून त्याने विरोधात ब्रही काढला नव्हता. “विनी, माझ्या हातात आता काही नाही गं.” “ठाऊक आहे. निदान काय गेलं ते तरी विचार.” त्याने वही उघडली, तारीख घातली आणि पूर्वीसारखं एकेक विचारत लिहून घेत गेला. दिवंगत नवऱ्याच्या घड्याळाचं सांगताना तिला रडू आलं, तो थांबला. शेवटी तिने सही केली आणि विचारलं, “हे कुठे पाठवशील?” त्याला खोटं बोलवेना. “कुठेच नाही.” “मग तुझ्यापाशीच जपून ठेव,” ती म्हणाली.