सोडतीची जोडी

‘जोड्या केवळ नशिबाने जुळतात, त्यात कोणाचाही हात नाही.’ इंडोनेशियातल्या सालातिगा गावामधल्या एका वस्तीच्या बॅडमिंटन मंडळाने हे वाक्य सभागृहाच्या दारावर रंगवून घेतले होते. प्राध्यापक सुम्पेनो यांची हयात जुन्या राजांचे शिलालेख तपासण्यात गेली होती. निष्पक्षपणाची ग्वाही जो कोरून ठेवतो, त्याला ती कोरण्याची गरज का पडली हे आधी पाहावे, असा त्यांचा सिद्धान्त होता.

दावा तपासणे अवघड नव्हते. दर रविवारी सकाळी मंडळाचे प्रमुख पाक मार्गोनो, म्हणजे मार्गोनोराव, दुधाच्या भुकटीचा डबा हलवत. झाकणाला एक भोक. आत प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी, सरबताच्या नळीच्या तुकड्यात खुपसलेली. बायका भिशीत करतात तशीच. लागोपाठ पडलेल्या दोन नळ्या म्हणजे त्या दिवसाची जोडी. पुढल्या रविवारी पुन्हा नवा जोडीदार.

नशीब आंधळे असते, हे मान्य. पण आंधळाही कधीतरी चुकून योग्य दारावर थाप मारतो. सुम्पेनोंची नळी मात्र नेहमी डब्याच्या तळाशी उरे आणि त्यांच्या पत्नीची, विनार्नीची, डबा हलवताच पडे. हंगाम सरत आला तरी नवराबायको एकदाही जाळीच्या एका बाजूला उभे राहिले नव्हते.

आणि सुम्पेनो तेवढ्यासाठीच मंडळात आले होते. निवृत्तीनंतर त्यांच्या ध्यानात आले की रविवारी सकाळी घर रिकामे असते, आणि विनार्नी परतते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असे काहीतरी असते, जे घरात त्यांनी कधी पाहिलेले नाही. तिच्या शेजारी उभे राहून एक सामना खेळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती बोलून दाखवणे त्यांना साधले नाही. त्याऐवजी त्यांनी तिला रॅकेट धरण्याची शास्त्रशुद्ध रीत समजावून सांगितली. तिने ती नेहमीप्रमाणे शांतपणे ऐकून घेतली.

मार्गोनो विधुर होते. हात चपळ, बोलणे मवाळ. सामन्यानंतर चहा तेच ओतत आणि विनार्नीचा पेला बिनसाखरेचा वेगळा ठेवत. ती चहात साखर घेत नाही, हे सुम्पेनोंना तिथे कळले.

हंगामाच्या अखेरच्या रविवारी मार्गोनोंनी डब्याला हात लावण्यापूर्वीच सुम्पेनोंनी तो उचलला आणि झाकण काढले.

“प्रोफ, व्याख्यान असेल तर आधीच सांगा,” सोयाबीनची भजी करून आणणाऱ्या बू तितिक, म्हणजे तितिकबाई, म्हणाल्या. “टेंपेची भजी गार झाली की त्यांचं चामडं होतं.”

काही जण हसले. सुम्पेनोंनी सगळ्या नळ्या टेबलावर ओतल्या, त्यांतल्या दोन वेगळ्या काढल्या आणि त्यांतल्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. पहिली नळी त्यांची स्वतःची. ती इतरांहून जाड होती. झाकणाच्या भोकावर धरली तर तिथेच अडकत होती. दुसरी विनार्नीची, सगळ्यांत बारीक. ती भोकातून अशी निसटली की टेबलावरून घरंगळत खाली गेली. बाकीच्या नळ्या एकाच मापाच्या होत्या.

आता कोणी हसत नव्हते. लोकांच्या नजरा आधी मार्गोनोंकडे गेल्या, तिथून विनार्नीकडे, आणि मग सभ्यपणे जमिनीकडे वळल्या. वस्तीला जे समजायचे ते समजले होते. सुम्पेनोंना या क्षणी आनंद व्हायला हवा होता. झाला तो केवळ सिद्धान्त खरा ठरल्याचा थंडगार संताप.

त्यांनी मंडळाचा नियम सर्वांना ऐकवला. सोडतीत लबाडी करील त्याला मंडळ कायमचे बंद. अपवाद नाही, माफी नाही. हा नियम अमलात येणार का, असे त्यांनी एकेकाला विचारले आणि प्रत्येकाकडून होकार घेतला. बू तितिक यांनीही नाइलाजाने मान हलवली.

मार्गोनोंनी खिशातून सभागृहाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. बायको गेल्यापासून त्यांचा रविवार याच चार भिंतींत उजाडत असे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते.

“डबा माझ्या ताब्यात असतो, प्रोफ. तेव्हा दोष माझा.”

“ही कबुली नव्हे,” सुम्पेनो म्हणाले. “ही पळवाट आहे. ताबा कोणाचा, हे मी विचारलेलंच नाही. नळ्या कापल्या कोणी?”

मार्गोनोंनी किल्ली टेबलावर आणखी पुढे सरकवली.

“शिकल्यासवरल्या माणसासारखं एक सरळ वाक्य बोला. कर्ता, कर्म, क्रियापद. मी वाट पाहतो.”

“मला जे बोलायचं होतं ते बोललो, प्रोफ. मला जाऊ द्या.”

“कर्ता कळल्याशिवाय कोणीही जाणार नाही.”

विनार्नी बाकावरून उठली. रॅकेट तिने पिशवीत घातली, पिशवीचे तोंड बंद केले आणि ती टेबलापाशी आली. किल्ली उचलून तिने मार्गोनोंच्या हातात परत दिली. मग ती नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

“नळ्या मी कापल्या आणि मार्गोनोंना गप्प राहायची शपथही मीच घातली, घरात माझ्या प्रत्येक चुकीवर बोट ठेवायला तुम्ही असताच, चुकलं तरी हसायला मला एवढं एकच मैदान होतं.”