जमिनीचा रेटा

“हं, ऊठ!” लेकीनं आईचे दोन्ही हात धरून जोरात ओढलं. आई खुर्चीतून वीतभर वर आली आणि धपकन खाली बसली. लेकीच्या कमरेत कळ उठली. तिनं ती ओठ आवळून गिळली.

आईचं सगळं आयुष्य इस्त्रीच्या दुकानात, टेबलापाशी उभ्यानं गेलेलं. अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, सगळा भार लेकीवर. लेकीचं शिलाई मशीन कोपऱ्यात धूळ खात होतं.

व्यायाम शिकवायला आलेल्या बाई बघत होत्या. म्हणाल्या, “हात सोडा त्यांचे.”

“अहो, पडेल ती!”

“तुम्ही ओढता, म्हणून त्या घाबरून मागे रेलतात. आजी, पुढे वाका आणि पायांनी जमिनीला खाली रेटा. जेवढं रेटाल, तेवढंच ती तुम्हाला वर रेटेल.”

आई अर्ध्या तोंडानं हसली. “इतकी वर्षं तिच्यावर उभी राहिले, कधी बोलली नाही ती!”

तिनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला. खुर्चीच मागे सरकली. लेक धावली.

“खुर्चीला ढकलू नका, ती पळते,” बाई खुर्ची भिंतीला टेकवत म्हणाल्या. “जमीन कुठे पळत नाही.”

पुन्हा प्रयत्न. पुन्हा धपकन. लेकीचे हात आपसूक पुढे आले.

“मागे घे ते,” आई म्हणाली. आवाज जुना, दुकानात गिऱ्हाइकाला गप्प करणारा. लेकीनं हात पाठीमागे बांधले.

आई पुढे वाकली. कपाळावर घाम आला, मानेची शीर फुगली. उजवी टाच जमिनीत रुतावी तशी दाबली. डावा पाय थरथरला, तरी तोही तिनं कामाला लावला. गुडघे हळूहळू सरळ झाले आणि आई उभी राहिली. कुणाचाही हात न धरता.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई! आता कुठे जायचंय? न्हाणीघरात नेऊ?”

“कुठेच नाही.” शेजारच्या टेबलाची कड धरून आई एक पाऊल बाजूला सरकली. धाप आवरत तिनं रिकाम्या खुर्चीकडे मान हलवली.

“तू बस.”