खातं कुणाच्या नावावर

नोंदी ठेवायचं चौथं सॉफ्टवेअर उघडून मुलगा म्हणाला, “आई, हे बघ. यात एक नोंद दुसरीला जोडता येते. सगळ्या नोंदींचं जाळंच दिसतं.”

बाईंनी मान तिरकी केली. नजरेच्या मधोमध धुकं साचल्यापासून त्यांना कडेनेच काय ते दिसायचं. पडद्यावर ठिपके होते.

“छान आहे. त्यातली एखादी वाचून दाखव ना.”

“आत्ता वाचायचं नाहीये गं, निवडायचंय.”

टेबलावर बुटांची खोकी होती आणि खोक्यांत कार्डं. कुठला डोंगर कधी खचला, खचण्याआधी तिथल्या लोकांना काय दिसलं: झरा गढूळ झाला, दार चौकटीत अडकायला लागलं, शेळ्या वर चढेनात. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं दरडींमागे पायपीट केली होती. आता स्वतःचं अक्षरही त्यांना लागत नव्हतं. मुलाने प्रत्येक कार्डाचा फोटो काढून ठेवला होता. न वाचता, पण अगदी नीट.

तेवढ्यात बाईंचा जुना विद्यार्थी आला. आता तो एका संशोधन संस्थेचा संचालक होता. त्याच्या गाजलेल्या पुस्तकात निम्मं काम बाईंचं होतं, नाव मात्र कुठेच नव्हतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बाईंच्या नवऱ्याने चहा टाकला.

“एवढी डोकेफोड कशाला?” विद्यार्थी म्हणाला. “आमच्या संस्थेचं सॉफ्टवेअर आहे. फुकट. देखभालही आमचीच.”

“मग प्रश्नच मिटला,” मुलगा म्हणाला आणि फोन घेऊन गॅलरीत गेला.

विद्यार्थ्याने सहज एक कार्ड उचललं. मग दुसरं. उभ्या उभ्याच वाचत राहिला. चहावर साय धरली.

“मॅडम, बाकी सगळीकडे झरे गढूळ झालेत. इथे मात्र आटला. असं का?”

बाई खुर्चीत ताठ बसल्या. “खाली चुनखडी होती. पाण्याने आतून दुसरी वाट काढली होती.”

“म्हणजे आटलेला झरा जास्त धोक्याचा?”

“तिथल्यापुरता. घाई करू नकोस. तुझी खोड तीच आहे अजून.”

तो हसला. बाईही हसल्या. मग दोघं बराच वेळ बोलत बसले. बाईंचा आवाज असा चढलेला नवऱ्याने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

खातं उघडताना पडद्यावरचा मजकूर नवरा वाचून दाखवत होता. एका ओळीशी तो थांबला.

“नोंदींचे मालक. इथे तुझं नाव नाहीये. याचं आहे.”

“तांत्रिक बाब आहे, मॅडम,” विद्यार्थी म्हणाला. “संस्थेबाहेरच्या माणसाला खातं देता येत नाही.”

“आणि नोंदींवर माझं नाव?”

“टाकू की. नंतर.”

गॅलरीतून मुलगा आत आला. “काय झालं? नको असेल तर बाकीची पुन्हा दाखवतो, आई. पुढच्या सुट्टीत.”

बाईंनी पडद्याच्या दिशेने हात पुढे केला. मग म्हणाल्या, “बोट कुठे ठेवायचं?”

नवरा जागचा हलला नाही. विद्यार्थ्यानेच त्यांचं बोट हलकेच धरून बटणावर नेलं.

जाताना तो खोकीही घेऊन गेला. गाडी वळेपर्यंत नवरा दारात उभा होता. आत येऊन म्हणाला, “तो काय करणार, ते कळत होतं ना तुला?”

“न कळायला काय झालं?”

“मग?”

बाईंनी रिकाम्या टेबलावरून हात फिरवला. पलीकडे मुलगा लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्या म्हणाल्या,

“नोंदी चोरायच्या म्हटल्या तरी त्याला त्या वाचाव्या लागतील.”